अर्ध्या चिठ्ठीचा सर्जन

औषधाच्या दुकानात काउंटरमागे एकवीस वर्षं उभं राहिलं की माणसाच्या पायाच्या शिरा फुगतात आणि डॉक्टरांविषयीचा आदर आटतो. सर्जनांचं दोन्ही झालं होतं. शिरांवर ते पट्टी बांधत. आदराचं काही करावं असं त्यांना वाटलं नव्हतं.

'सर्जन' हे अर्थातच नाव नव्हे, आणि पदवी तर मुळीच नव्हे. शेजारच्या शिंप्याच्या बोटात एकदा सुई मोडून बसली होती. ती यांनी चिमट्याने उपसून काढली, तेव्हा शिंपी डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला, "वा रे माझ्या सर्जना!" शिंप्याने थट्टा केली होती. यांनी ती नेमणुकीच्या पत्रासारखी स्वीकारली. पुढच्याच आठवड्यात अंगावर अर्ध्या बाह्यांचा पांढरा कोट आला, खिशाला दोन पेनं लागली आणि आवाज अर्ध्या पट्टीने खाली उतरला. दुकानाचा परवाना मालकांच्या नावाचा होता. मालक आतल्या खुर्चीवर वर्तमानपत्रातली शब्दकोडी सोडवत बसत आणि सर्जन त्या परवान्याच्या चौकटीखाली उभे राहून रोगनिदान करत.

त्यांचा खास विषय मुरमं. या रोगाने माणूस मरत नाही, आणि बरं नाही वाटलं तरी लाजेने तक्रार करायला येत नाही. उपचार करणाऱ्याला याहून सोयीचा रोग निसर्गाने अजून काढलेला नाही. समोर मुलगा किंवा मुलगी आली की सर्जन दोन बोटांनी हनुवटी धरत, चेहरा ट्यूबलाइटकडे वळवत, आणि "हं" म्हणत. त्या "हं"मध्ये सगळं शिक्षण होतं. मग खणातून अँटिबायोटिक जेलची ट्यूब निघे आणि सोबत प्रवचन.

"पुळीच्या टोकावर मोहरीएवढा ठिपका. बाकी कातडीला हात लावायचा नाही. पुळी बसली की बंद. औषधाची चटक लागू द्यायची नसते."

"आणि पुन्हा आली तर, काका?"

"पंधरा दिवसांनी या. ट्यूब बदलू. जंतूला एका औषधाची सवय होऊ देत नाही मी. गांगरला पाहिजे तो."

सर्जनांच्या डोक्यातला जंतू म्हणजे दर पंधरा दिवसांनी शाळा बदललेलं मूल होतं. नव्या जागी रुळायच्या आत उठवायचं, म्हणजे त्याचं शिक्षणच होत नाही. प्रत्यक्षातला जंतू मात्र प्रत्येक शाळेतून उत्तम गुणांनी पास होऊन बाहेर पडत होता.

दुकानाच्या बरोबर वरच्या मजल्यावर त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. शटरच्या डाव्या हाताला जिना. पेशंट जिना चढत, चिठ्ठी घेऊन उतरत, आणि पायरी संपते तिथेच काउंटर सुरू होत असल्यामुळे आपोआप सर्जनांच्या हाती लागत. मुरमांच्या चिठ्ठीवर बाई नेहमी जोडीने औषधं लिहीत : अँटिबायोटिक जेल, आणि त्याबरोबर बेंझॉइल पेरॉक्साइड. या दुसऱ्या औषधाशी सर्जनांचं जुनं वैर होतं. फार पूर्वी कंपनीच्या माणसाने दिलेली त्याची एक नमुन्याची ट्यूब त्यांनी घरी नेली होती. बायकोने ती मानेवरच्या फोडाला लावली, आणि चार दिवसांत तिच्या आवडत्या निळ्या अभ्र्यावर पांढरे ढग उमटले. बायको जे बोलायचं ते बोलली. सर्जनांनी त्यातून वैद्यकशास्त्राचा सिद्धांत काढला.

"जे कापड खातं ते कातडी सोडेल?"

तेव्हापासून ते चिठ्ठी वाचत, पहिलं औषध काउंटरवर ठेवत, आणि दुसऱ्यावर पेन आडवं धरून आवाज खाली आणत. "हे राहू द्या."

"पण डॉक्टरांनी लिहिलंय ना?"

"त्यांना लिहावं लागतं."

ते ऐकून गिऱ्हाइकाला आपण आतल्या गोटातले झालो असं वाटे. एक औषध कमी झालं म्हणून त्याला बरंच वाटे. आठ वर्षं वरच्या मजल्यावर पूर्ण चिठ्ठी लिहिली जात होती आणि खालच्या मजल्यावर तिच्यातली अर्धी दिली जात होती. आपली औषधं गावभर लागू पडतात आणि या गल्लीतच का पडत नाहीत, याचा विचार करून बाईंनी एकदा इथलं पाणीसुद्धा तपासून घेतलं होतं म्हणतात.

आता सर्जनांची लेक. वय वीस. चष्म्याच्या दुकानात तीन महिन्यांच्या बोलीवर लागली होती. काम पसंत पडलं तर कायम, नाही तर नमस्कार. काम चेहऱ्याशी होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची काडी वाकवायची, आणि आरसा धरून बाजूला उभं राहायचं. आरशात गिऱ्हाइकाचा चेहरा दिसे आणि त्याच्या शेजारी हिचा. तिच्या गालांवर दीड वर्षापासून वडिलांची प्रॅक्टिस चालू होती.

न्हाणीघराच्या दाराला आतून वेळापत्रक चिकटवलेलं होतं. पहिला पंधरवडा या रंगाची ट्यूब, दुसरा त्या, तिसरा तिसरीच. सुरुवातीला पुळ्या बसल्याही. त्या वेळी सर्जनांनी लेकीला मुद्दाम दुकानात बोलावून दोघा-तिघांना चेहरा दाखवला होता, तयार फ्लॅट दाखवावा तसा. पुढे पुळ्या परत आल्या, आणि येताना नातलग घेऊन आल्या. हनुवटीवरच्या कपाळावर गेल्या, गालावरच्या खोल उतरून गाठी झाल्या. मग तिला दुकानात बोलावणं थांबलं.

एका सोमवारी चष्मेवाल्याने तिला समोरून उठवून मागच्या खोलीत काचा पुसायला बसवलं. भला माणूस होता, म्हणून कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "जरा सुकू दे ते, मग ये पुढे." बोलीचे पाच आठवडे उरले होते, आणि काचा पुसायला कायम माणूस कोणी ठेवत नाही.

संध्याकाळी घरी येऊन तिने चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "बाबा, मी वर जाणार आहे. डॉक्टरीणबाईंकडे."

"वर? माझ्या डोक्यावरून?"

"जिना तुमच्या डोक्यावरून नाही, बाजूने आहे."

"अगं, सगळी गल्ली त्या जिन्याकडे बघत असते! सर्जनची पोर वर चढली, हे उद्या शिंपीच सगळ्यांना सांगेल. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिला मुरमं आहेत. ते त्यांना जिना न चढताही दिसतंय."

आई आतून हात पुसत आली. "अहो, जाऊ द्या ना तिला. दीड वर्ष झालं. माझ्या पायाचं कुरूपसुद्धा एवढे दिवस टिकलं नव्हतं."

"कुरूप आणि हे एक आहे? पंधरा दिवस द्या मला. फक्त पंधरा. नवीन ट्यूब आलीये, एकदम वेगळी."

"हे पंधरा दिवस संपतात कधी हो?" आईने विचारलं. "लग्न झाल्यापासून मी तुमचे पंधरा दिवसच मोजतेय."

सर्जनांनी ती नवीन ट्यूब आणली. डाव्या गालावर दोन गाठी होत्या, त्यांच्या टोकांवर मोहरीएवढे ठिपके पडले. गाठींना त्याचं काही वाटलं नाही. त्या फुगल्या, फुटल्या, आणि बाराव्या दिवशी खपली निघाली तेव्हा खाली गाल थोडा कमी भरला. लेकीने आरशात बोटाने चाचपून पाहिलं. तेराव्या दिवसाची वाट न पाहता ती काम सुटल्यावर थेट जिन्याकडे गेली. सहा वाजले होते, काउंटरवर गर्दी होती, आणि तिने मान खाली घातली नव्हती. सर्जन तेव्हा एका आजोबांना खोकल्याचे प्रकार समजावत होते. ते तिसऱ्या प्रकारावर थांबले ते थांबलेच.

वर डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढून चेहरा पाहिला. "काय काय लावलंस?"

लेकीने न्हाणीघराच्या दारावरचा कागद काढून आणला होता. बाईंनी तो वाचला, चष्मा वर सरकवला, पुन्हा वाचला.

"हे कोणी करून दिलं?"

"वडिलांनी. खालच्या दुकानात असतात."

"ते पांढऱ्या कोटातले?" बाई खुर्चीत मागे टेकल्या. "ते दुसरं औषध द्यायला विसरले का? बेंझॉइल पेरॉक्साइड?"

"विसरले नाहीत. ते कोणालाच देत नाहीत. कापड खातं म्हणतात. तुमच्या चिठ्ठीवरचंसुद्धा राहू द्या म्हणून सांगतात."

बाईंनी तो कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तरीच."

आठ वर्षांचा हिशोब एका शब्दात मिटवून त्या कामाला लागल्या. "हे बघ. नुसतं अँटिबायोटिक चोपडलं की लेचेपेचे जंतू मरतात आणि चिवट उरतात. मग चेहऱ्यावर चिवटांचंच राज्य. दुसरं औषध जोडीला लागतं ते त्यासाठी, त्याला जंतू सरावत नाहीत. आणि जोडीनेसुद्धा अँटिबायोटिक दोन-तीन महिने लावायचं, संसार नाही करायचा त्याच्याशी. तू तर एक सोडून तीन-तीन लावलीस. आता ती सगळी बंद. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड, झोपताना हे छिद्रं मोकळी करणारं क्रीम. आणि ठिपके नाहीत द्यायचे. आज दिसते ती पुळी जुनी झाली, उद्याची कातडीखाली तयार होतेय. सगळ्या भागावर पातळ थर."

"आणि कापड?"

"खातं ना. पांढरा अभ्रा घे, पांढरा टॉवेल घे. एवढ्यासाठी गाल कशाला द्यायचा?"

चिठ्ठीच्या तळाशी त्यांनी ठळक अक्षरांत एक ओळ लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या : दोन्ही औषधं घेऊन वर येऊन दाखवणे.

लेक उतरली आणि रांगेत उभी राहिली. घरच्यासारखी बाजूने आत गेली नाही. खोकल्याच्या आजोबांनंतर एक बाई, बाईंनंतर ती. चिठ्ठी तिने काउंटरवर पसरून ठेवली.

सर्जनांनी ती वाचली. अँटिबायोटिकचं नावच नव्हतं. पेन धरायला जागा नव्हती.

"पहिलं नाहीये आपल्याकडे," ते आवाज खाली आणून म्हणाले. "घरी बोलू."

"नाहीये म्हणजे?" आतून मालकांचा आवाज आला. कोड्यातून मान वर झाली होती, ही घटना महिन्यातून एखादेवेळी घडे. "खालच्या खणात बघा. कमरेच्या पट्ट्यांमागे. वरच्या बाई रोज लिहितात म्हणून दर महिन्याला मीच मागवतो की."

खण उघडला. पट्ट्यांमागे ट्यूबा शिस्तीत उभ्या होत्या, एकीलाही कोणाचा हात न लागलेल्या. मालक उठून आले आणि त्या रांगेकडे पाहत राहिले.

औषध घेऊन बाजूला झालेली बाई परत वळली. "अहो दादा, हेच ना ते? माझ्या मुलाच्या चिठ्ठीवर होतं. तुम्ही राहू द्या म्हणालात. डॉक्टरांना लिहावं लागतं म्हणालात."

सर्जनांनी तोंड उघडलं. आवाज खाली आणायचा तर तो आधीच तळाला गेला होता. दारातून शिंपी डोकावून म्हणाला, "काय सर्जन, ऑपरेशन अवघड दिसतंय?"

"द्या तिला," मालक म्हणाले. "आणि उद्यापासून चिठ्ठीत असेल ते सगळं द्यायचं. तुमचं मत कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा."

दोन्ही खोकी काउंटरवर आली. लेकीने उचलली नाहीत.

"कसं लावायचं ते सांगा ना," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगता तसं."

रांग ऐकत होती. सर्जनांनी सवयीने तिच्या हनुवटीकडे हात नेला, चेहरा ट्यूबलाइटकडे वळला, आणि डावा गाल पुरता उजेडात आला. "हं" निघालं नाही. त्यांनी हात मागे घेतला, चिठ्ठी उचलली आणि शाळेत उभं करून वाचायला लावलेल्या मुलासारखे वाचू लागले. "सकाळी... पूर्ण भागावर, पातळ थर. रात्री दुसरं. सुरुवातीला कातडी सुकते, सोलते. घाबरायचं नाही. फरक पडायला आठ ते बारा आठवडे. मध्येच... बंद करायचं नाही."

"मध्येच बंद करायचं नाही," तिने पुन्हा म्हटलं, खोकी उचलली आणि दाखवायला वर गेली.

चष्मेवाल्याने बोली संपायच्या आधी तिला समोर आणलं नाही, पण काढलंही नाही. आणखी तीन महिने बघू म्हणाला. त्या तीन महिन्यांत चेहरा निवळला. आता ती फ्रेम बसवते, आरसा धरते, आणि गिऱ्हाईक त्यात स्वतःकडे पाहतं, जे गिऱ्हाइकाचं कामच आहे.

सर्जन काउंटरवर आहेत. कोट आहे, दोन पेनं आहेत. मुरमांची चिठ्ठी आली की दोन्ही औषधं ठेवतात आणि बजावतात, "जोडीने लावायची. अर्धवट उपचार म्हणजे जंतूला आमंत्रण. लोक ऐकत नाहीत हो, मी किती वर्षं सांगतोय!" खात्री पटेना तर लेकीचं उदाहरण देतात. वेळेवर आपणच तिला वर पाठवली, असं त्या उदाहरणात असतं.

तिच्या डाव्या गालावर दोन खड्डे राहिलेत. ते लहानपणी पडल्याचे आहेत, असं सर्जन सांगतात.