शेक कुणी दिला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगायची गरजच नव्हती — तिला माहीत आहे. आणि सासूबाईंना तर — पण थांबा, नीट सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या बायकोने, सुलभाने, फोंड्याला दाढेचं इम्प्लांट करून घेतलं. हिरडी कापून हाडात स्क्रू, वर टाके. तिच्या तोंडात कापसाचा बोळा, म्हणून पुढची काळजी डॉक्टरांनी मला समजावली. मी मान डोलवत होतो. लक्ष कुठे होतं? मोबाइलवर. डिचोलीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथून कुणीतरी पाइपांविषयी विचारत होतं. मीठ, कोमट पाणी असं काहीसं कानावर पडलं. कधीपासून, कशासाठी — ते नाही. पुन्हा विचारायला मला कमीपणा वाटला.

संध्याकाळी गाल सुजू लागला. केरीहून सासूबाई आल्या होत्या, लेकीला कुलेरीने, म्हणजे चमच्याने, गार पेज भरवत होत्या. आमच्या घरी सुजेला एकच औषध — तव्यावर मीठ तापवायचं, पुरचुंडी बांधायची आणि शेकायचं. मी पुरचुंडी बांधायला घेतली.

"जावयबापू, एकदा डागतराक फोन करून इचारा," सासूबाई म्हणाल्या.

मला राग आला. डॉक्टरांनीच सांगितलंय, मी म्हणालो. साफ खोटं. सुलभाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ती गाल पुढे करत राहिली — माझ्यावर विश्वास ठेवून.

सकाळी तिचा चेहरा ओळखू येईना. एक डोळा अर्धा मिटलेला, ठणका कानापर्यंत. तिला फोंड्याला नेलं. शेक दिल्याचं ऐकून डॉक्टर चिडलेच. सुरुवातीला बाहेरून बर्फ लावायचा, गरम काही नाही, मिठाच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून — एवढं समजावून सांगितलं होतं ना? मग हा शेक कुणाचा सल्ला?

आणि मी — सासूबाई शेजारी बसलेल्या असताना — म्हणालो, "यांचा. जुनी माणसं, ऐकत नाहीत."

सुलभाला तोंड उघडता येत नव्हतं. तिने फक्त आईकडे पाहिलं. आणि सासूबाई? आमच्याकडे जावयाचा शब्द चारचौघांत खाली पडू देत नाहीत. लग्नात ज्याचे पाय धुतले, तो जावई. त्या पदर सावरत म्हणाल्या, "चुकला माजा, डागतरानू."

एक वाक्य बोललो असतो तर काय बिघडलं असतं? डॉक्टरांनी मला झापलं असतं — एवढंच.

सूज उतरली, दाढही छान बसली. पण गोष्ट घरात राहिली. सणासुदीला कुणीतरी काढतंच — सासूबाईंचा शेक! सगळे हसतात, त्याही हसतात. मीही हसतो. सुलभा तेवढी उठून आत जाते.

गेल्या चतुर्थीला माझ्या मुलीचा पाय मुरगळला. ती लंगडत आजीकडे गेली — काय लावू गं? सासूबाईंनी पाय मांडीवर घेतला, हात सुजेपर्यंत नेला आणि मागे घेतला. खाली बघत म्हणाल्या, "नको गे बाये, माका काय कळता? बापाशीक इचार."

मुलगी माझ्याकडे वळली. मी बर्फ आणायला उठलो.

शेक मी दिला होता.