न खायची मोहरी

आधी टीचरांचं सांगते, मग बाकीचं. इथं तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत त्या एकट्या राहतात. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाल्या. सगळी गल्ली टीचर म्हणते, म्हणून मीही टीचरच म्हणते. पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, तरी घरात मराठी बोलणारी माणसं ती, पण बोलणं आपल्यासारखं नाही. जुनं, तमिळच्या चालीवर वरखाली होणारं. माझ्या परसातली माती त्यांनी स्वतःच्या हातानं खरवडली, तीही माझ्या चुकीपायी. एवढं आधी लिहिलं म्हणजे मला पुढचं लिहिता येईल.

आम्ही गलाईवाले. आमच्या खानापूर भागातली माणसं कुठं कुठं जाऊन सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकतात, तसे आमचे हे तंजावरात आले. मी नववीतनं शाळा सोडलेली. लग्न झालं आणि ह्यांच्या मागनं इथं आले. तमिळचा एक शब्द येत नव्हता. इथले लोक ह्यांना सेट म्हणतात, मला सेट्टम्मा. शेठपणाचं आमच्याकडं काही नाही, पण म्हणतात.

दुकान बाजारात, घर भाड्याचं. आमच्या आधी त्या घरात आमच्याच भागातला एक गलाईवाला राहून गेलेला, आणि त्याची भट्टी परसात होती. चांदी शुद्ध करायची तर तिच्यात शिसं घालून तापवतात. चांदीतली घाण शिसं घेतं आणि राखेत उतरतं. ती राख, तो धूर, सगळं वर्षानुवर्षं त्या परसात मुरलेलं. मला ते कुठलं सुचायला? मी परस बघूनच खूश झाले होते. निदान पायाखाली माती तरी आहे म्हणलं.

मुलगी दोन वर्षांची झाली आणि माती खायला लागली. माती खाणारी पोरं गावाकडंही असतात, म्हणून मी रागावून हात धुऊन द्यायची, बस्स. पण मग तिचं पोट दुखायला लागलं, जेवणावरनं मन उडालं, सारखी किरकिर. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर त्यात शिसं. औषध नंतर, म्हणाले, आधी तिला त्या मातीपासनं लांब न्या. दुसरं घर शोधून बघितलं. भट्टीवाल्यांना कोण चटकन घर देतो? शेवटी सासूबाई आल्या आणि तिला गावाला घेऊन गेल्या. परस साफ झालं की आणायची, असं ठरलं. साफ कसं करायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

हे सकाळी दुकानाला जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. मधे सगळा दिवस मी आणि तो मागचा दरवाजा. त्याला आम्ही कडी लावून ठेवलेली. दोन भांडी घासायची, ती मी चारदा घासायची. दुपारी बारा वाजले की भात मऊ करायला हात जायचा, आणि मग आठवायचं.

एकदा भाजीच्या गाडीपाशी मी फोनवर मुलीला विचारत होते, "जेवलीस का गं? काय जेवलीस?" तर मागनं आवाज आला.

"मराठी बोलतीस? कोण गे तूं?"

वळून बघितलं तर पांढऱ्या केसांच्या, हातात शेवग्याच्या शेंगा घेतलेल्या बाई. मला इतकं भरून आलं की भाजी राहिली बाजूला, मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या.

"तुमचं मराठी फार धावतं," त्या म्हणाल्या. "हळू सांग. शिसं म्हणालीस, ते मज कळलं. लेक कुठं ते परत सांग."

दुसऱ्या दिवशी त्या पिशव्या घेऊन आल्या. परसात पाच ठिकाणची माती उकरली, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लावली आणि त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर वाईट होतं, भट्टीच्या कोपऱ्यात तर फारच वाईट. मग त्यांनी मला बसवून समजावलं. काही झाडं मातीतला धातू मुळानं ओढून घेतात. मोहरी घेते, सूर्यफूल घेतं. वाळा माती धरून ठेवतो, धूळ उडू देत नाही.

"पण शिसं हट्टी आहे गे," त्या म्हणाल्या. "मुळापाशी बसून राहतं, वर चढत नाही. थोडं थोडं निघेल. वर्षं लागतील. उद्या लेक येईल असं मी म्हणणार नाही."

"किती वर्षं, टीचर?"

"मोहरीस विचार."

मोहरी पेरली. नाकाला ओढणी बांधून पाणी घालायचं, आत येताना पाय धुवायचे, त्यांनी सांगितलं तसं सगळं. रोपं वर आली तेव्हा मला घरात कुणीतरी आल्यासारखं वाटलं. सकाळी उठून त्यांच्याशी बोलायची मी. भाजीवाली दारातनं डोकावून म्हणायची, "सेट्टम्मा, एवढा कडुगु लावलास, सांबाराला चिमूटभर देत नाहीस. एवढी चिक्कू कशी गं?" कडुगु म्हणजे मोहरी. मी मोडक्या तमिळमधे सांगायची, विष आहे बाई. ती हसायची, तिला वाटायचं द्यायचं नाही म्हणून सांगते.

टीचरांनी बजावलं होतं: खायची नाही, गाईला घालायची नाही, खतात टाकायची नाही. उपटून, वाळवून, पोत्यात बांधून ठेवायची. घातक कचऱ्याची गाडी त्या बोलावणार होत्या. पीक उपटायच्या वेळी त्या चेन्नईला बहिणीकडं गेल्या होत्या. मी सगळं उपटलं, वाळवलं. एवढा मोठा ढीग. आणि तिथं मला माझी अक्कल सुचली.

आमच्यात काहीच फेकत नाहीत. दुकानातला केर, पायपुसणं, झिजलेला केरसुणीचा बुंधा, ह्यांचे जुने शर्टसुद्धा जाळायचे. धातू राखेत राहतो, तो काढून घ्यायचा. लहानपणापासनं हेच बघितलेलं. मला वाटलं, मोहरीनं शिसं ओढलंय, मग जाळली की ते मूठभर राखेत येईल. पोत्यांच्या जागी एक डबा. टीचर आल्या की दाखवू. त्यांनी जाळू नको असं सांगितलं नव्हतं, कारण असं कुणी करेल हे त्यांच्या मनातच आलं नसणार. जुन्या भट्टीच्या विटा रचून मी सकाळी ढीग पेटवला. वारा होता. निम्मी राख डब्यात आली, निम्मी परसभर उडाली. तरी मी डबा घासूनपुसून ठेवला होता.

टीचर आल्या, काळ्या विटा बघितल्या, डबा बघितला.

"काय जाळलंस गे?"

मी सांगितलं. त्या उभ्या होत्या त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी. गलाईवाल्याच्या बायकोस हे आधी सांगायस हवं होतं."

माती परत तपासली. वरच्या थरात शिसं पहिल्यापेक्षा जास्त. मी गावाला फोन केला नाही त्या दिवशी. काय सांगणार होते? पोरीचं घरी येणं मीच माझ्या हातानं लांबवलं होतं. आता टीचर मला दार बंद करतील, असंही वाटत होतं. तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जुनी साडी नेसून, तोंड बांधून, खुरपं घेऊन हजर. माती आधी भिजवली, मग वरचा बोटभर थर खरवडत गेलो. चार दिवस. मी नको नको म्हणत होते.

"टीचर, तुम्ही उठा. माझी चूक मी निस्तरते."

"एकटी किती खरवडशील? बोल कांही तरी. लेकीचं सांग."

म्हणून मी चार दिवस लेकीचं सांगत होते. ती फोनवर मला फोनातली आई म्हणते आणि सासूबाईंना नुसतं आई, हेही सांगितलं. ह्यांनाही मी ते सांगितलं नव्हतं. टीचरांनी खुरपं थांबवलं नाही. "येऊंदे एकदा," एवढंच म्हणाल्या.

थर पोत्यांत गेला, पोती गाडीत गेली. मग सूर्यफुलं, परत मोहरी, परत सूर्यफुलं. प्रत्येक पीक बांधून गेलं, काडी जाळली नाही. परवा माती तपासल्याचा नवा कागद आला. घराकडची निम्मी बाजू राहण्याजोगी झाली आहे. भट्टीचा कोपरा अजून नाही. तिथं वाळा वाढतोय आणि मधे विटांची भिंत घातली आहे. पोरीचं रक्त गावात तपासलं, तेही उतरलंय. टीचर कागद हातात घेऊन म्हणाल्या, "आतां आण गे लेकीला. पण हात धुणं सोडायचं नाही."

पुढच्या महिन्यात सासरे तिला घेऊन येतायत. ती माझ्याकडं येईल का, हे मला माहीत नाही. रोज भीती वाटते.

त्या चार दिवसांच्या खरवडण्यानं टीचरांचे गुडघे कायमचे धरले. ऑपरेशन करा असं डॉक्टर सांगतात आणि त्या पुढं ढकलतात. मुलगा परदेशात, जवळ राहायला कोणी नाही. मी राहीन, हे अजून मी त्यांना बोलले नाही. बोलले तर पाहूं गे म्हणतील. म्हणून इथं लिहून ठेवते. ज्या दिवशी त्या ऑपरेशनला हो म्हणतील, त्या दिवसापासनं दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी मी झोपेन, आणि त्या आपल्या पायांनी भाजीच्या गाडीपर्यंत जाऊन येईपर्यंत त्यांचं घर सोडणार नाही.