दोधूआप्पाच्या घरातला सौदा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दोधूआप्पाच्या खांद्यावरचा रुमाल सगळे ओळखतात. रुमाल दिसला की लोक म्हणतात, दलाल आला, आता होणार काहीतरी. एक हात विकणाऱ्याचा, एक दोधूआप्पाचा, वरून रुमाल. तोंडानं दोघं पिकापाण्याच्या गप्पा मारणार आणि आत बोटं बोलणार. जितकी बोटं धरली तितका आकडा. हाताची मूठ वळवली तर सौदा मोडला, जनावर परत घरी न्या. भोवती शंभर माणसं तोंड वासून उभी असतात, कुणाला काही म्हणता काही कळत नाही. मग दोधूआप्पा रुमाल झटकून खांद्यावर टाकतो आणि ओरडतो, "सौदा पक्का!" त्यानंतर कोण किती उतरला, कोणी कुठं माघार घेतली, हे विचारायचं नाही. कोणी विचारलंच तर सगळं स्वतःवर घेणारं त्याचं उत्तर ठरलेलं: "मी ठरायं. शिव्या देवाना तर माले द्या."

तीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांची भांडणं अशी रुमालाखाली मिटवत आला. यंदा जूनमध्ये मात्र त्याच्या स्वतःच्याच ओट्यावर गाडी अडली, आणि अशी अडली की बिचाऱ्याची झोप उडाली.

झालं होतं चांगलंच. त्याची दामिनी, लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली एकुलती एक पोर, बारावी झाली आणि तिला एकदम दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक दिल्लीचं सरकारी विद्यापीठ. जुनं, मोठं, नाव घेतलं की गावातला पोस्टमनसुद्धा मान डोलावतो. दुसरं हरियाणातलं खाजगी. नाव नवं, पण शिकलेल्या लोकांत विचाराल तर पहिल्या रांगेतलं. दोन्हीकडे अर्थशास्त्रच. बरं, खर्चाचा फरक असता तर प्रश्न तिथंच सुटला असता. पण खाजगीवाल्यांनी राहण्याजेवण्यासकट सगळी शिष्यवृत्ती दिलेली, त्यामुळे तीही पळवाट बंद झाली. दोन्हीकडं होकार कळवायची मुदत शनिवारी संध्याकाळपर्यंत.

दोधूआप्पाला सकाळी उठल्याबरोबर दिल्ली पटायची. दुपारी जेवून आडवा झाला की हरियाणा. संध्याकाळी घोडीला चारा टाकताना पुन्हा दिल्ली. शहाद्याला गेला की कॉलेजातल्या प्राध्यापकाला गाठायचा. ते म्हणायचे, डोळे मिटून सरकारी घ्या, तिथून निघालेली माणसं देश चालवतात. तिथून उठून दवाखान्यात डॉक्टरकडे. ते म्हणायचे, डोळे मिटून खाजगी घ्या, एका वर्गात मोजकी पोरं, मास्तर नावानं ओळखतात. ज्याला विचारावं तो ठाम, आणि प्रत्येकजण डोळे मिटायलाच सांगणार. परतीच्या एसटीत त्यानं कंडक्टरलाही विचारून घेतलं. कंडक्टर म्हणाला, "पोरगीले कोठे बी टाका, पण बसायले जागा भेटेल असं पहा."

घरी आला की ओट्यावरून गोठ्यात, गोठ्यातून ओट्यावर. घोडीसुद्धा वैतागून मान फिरवायला लागली.

"एक जागे बठा ना!" कौसाबाई, म्हणजे त्याची बायको, करवादायची. "पायले चाकं लायेल शेतस का?"

"इचार करी ऱ्हायनू."

"चालीचालीसन इचार व्हस का? आनि जिन्हा इचार करी ऱ्हायनात, तिले तर इचारा!"

तेवढं सोडून दोधूआप्पानं सगळं केलं. त्यात त्याच्या हाताला धंद्याची सवय. बाजारात गिऱ्हाईक दोन असतील तर दोघांनाही शेवटच्या घटकेपर्यंत गरम ठेवायचं, एकालाही नाही म्हणायचं नाही, हे दलालाचं पहिलं शिक्षण. इथंही त्यानं तेच केलं. हरियाणाच्या विद्यापीठातून एका मॅडमचा फोन आला, मोठ्या गोड हिंदीत. दोधूआप्पा म्हणाला, "हां हां मॅडम, पक्का समझो." अर्ध्या तासानं नंदुरबारहून नवनीतचा फोन. नवनीत हा त्याचा पुतण्या, जिल्हा परिषदेत नोकरीला, भावकीतला पहिला पगारदार. त्याचं मत पहिल्यापासून दिल्ली. "काका, मग दिल्ली पक्की ना?" दोधूआप्पा म्हणाला, "पक्की रे भो, पक्की."

फोन ठेवताना त्याला काही वाटलंसुद्धा नाही. उलट हायसं वाटलं. अजून शनिवार लांब होता, अजून काही ठरलं नव्हतं, आणि दामिनी आत बसून कौसाबाईबरोबर भाजी निवडत होती.

आता, बाजारातला माणूस 'पक्की' या शब्दाचं वजन ओळखतो. कानात पुटपुटलेलं 'पक्की' वेगळं आणि रुमाल झटकून ओरडलेलं वेगळं. पण नवनीत पडला ऑफिसातला माणूस. त्यानं शब्द जसाच्या तसा उचलला आणि गुरुवारी गावच्या फाट्यावर दहा फुटी फ्लेक्स लावून मोकळा झाला. मध्ये दामिनीचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो ताणून मोठा केलेला, मागं लाल किल्ला, वर 'हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या भाऊबंदांचे टोपीतले, गॉगलमधले चेहरे. उजव्या कोपऱ्यात स्वतः दोधूआप्पा, खांद्यावर रुमालासकट.

दामिनी शहाद्याहून दाखल्याच्या झेरॉक्स काढून परत येत होती. फाट्यावर उतरली आणि समोर स्वतःलाच बघून थबकली. पानवाल्यानं हाक मारली, "अभिनंदन बरं का ताई, दिल्ली गाजाडी टाक!" ती वळली. तशीच घरी आली, पिशवी खुंटीला लावली आणि ओट्यावर येरझारा घालणाऱ्या बापापुढे उभी राहिली.

"आप्पा, दिल्ली कोणी ठरायं?"

"कोठे ठरायं? अजून तर..."

"फाटावर मन्हा फोटो लायेल शे. लाल किल्लासंगे."

दोधूआप्पाच्या येरझारा थांबल्या. फ्लेक्सचं त्याला ठाऊकच नव्हतं. नवनीतवर चार शिव्या हासडाव्यात असं त्याच्या मनात आलं, पण 'पक्की रे भो' हे स्वतःचे शब्द कानात वाजले आणि जीभ जागच्या जागी राहिली.

"तुमी माले इचारं का एकदा तरी?" दामिनीचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "प्रोफेसरले इचारं, डॉक्टरले इचारं, कंडक्टरले बी इचारं. मी घोडी नही शे आप्पा, का दात देखीसन दुसराच मोल करतीन."

आतून कौसाबाई बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. तिला जे बोलायचं होतं ते पोरीनं बोलून टाकलं होतं.

मग दामिनीच खाली बसली आणि सांगायला लागली. दिल्लीच्या प्रवेशासाठी परीक्षा होती. तिनं ती दिली, मार्क पडले, नंबर लागला. दिल्ली वाईट म्हणायचं कारणच नाही, केवढी पोरं त्या नंबरासाठी रडतात. पण हरियाणावाल्यांनी मोबाईलवर व्हिडिओ लावून मुलाखत घेतली होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तुला कशाचं कोडं पडतं? ही पटकन बोलून गेली की एकाच दिवशी, एकाच झाडाच्या पपईला शहाद्यात एक भाव आणि पुढच्या गावात दुसरा, असं का होतं, हे मला लहानपणापासून कळत नाही. तिला वाटलं, आता बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, तुला काय वाटतं? आणि मग दोघी पपईवरच बोलत बसल्या, मुलाखतीची वेळ संपून गेली तरी.

"माले आजलोंग कोणीच असं इचारं नव्हतं," दामिनी म्हणाली.

"मंग तुले हरियाणाले जावानं शे का?" दोधूआप्पानं शेवटी विचारलं एकदाचं.

तिनं तोंड उघडलं, आणि त्याच वेळी फाटक वाजलं. शेजारच्या वत्सलाबाई पेढे घेऊन आल्या होत्या. "दिल्लीवाली पोर कोठे गई वं?" म्हणत त्यांनी दामिनीच्या तोंडात पेढा कोंबला. दामिनीनं तो गिळला आणि हळूच म्हणाली, "आते काय, आप्पा. फोटो लागी गया."

ती आत गेली. शुक्रवारचा अख्खा दिवस ती ओट्यावर फिरकली नाही.

दोधूआप्पाचा शुक्रवार म्हणजे निव्वळ तळमळ. तापीच्या पुलावर जाऊन आला, पाणी बघून आला, काही सुचलं नाही. फ्लेक्स उतरवावा तर भावकीत नाक कापलं जाणार. बाजारात लोक म्हणतील, ज्याला घरचा शब्द पाळता येत नाही तो आमचा काय पाळणार. तसाच ठेवावा तर पोर जाणार, पण मान खाली घालून जाणार. घोडीच्या अंगावर खरारा फिरवता फिरवता तो तिलाच म्हणाला, "मन्हं डोकं चालत नही." आणि खरंच चालत नव्हतं. सगळ्यात विचित्र म्हणजे, मुदतच टळली तर काय होईल, असा एक विचार त्याच्या मनात पुन्हा पुन्हा डोकवायचा, आणि त्या विचारानं त्याला भीती वाटायच्या ऐवजी गार वाटायचं. तो स्वतःवरच चिडायचा आणि खरारा जोरात घासायचा.

शनिवारी दुपारी नवनीत नंदुरबारहून आला, हातात हार घेऊन. त्याच्या मागोमाग चार भाऊबंद, वत्सलाबाई, त्यांच्या दोन सुना. ओटा भरला. चहा झाला. नवनीत म्हणाला, "काका, मुदत संपत आली. दामिनी, मोबाईल आण बेटा, सगळ्यांसमोर दिल्लीचं बटण दाबू. मी फोटो काढतो."

दामिनी मोबाईल घेऊन आली. बापाकडं बघितलं नाही. कौसाबाईनं मात्र बघितलं, आणि असं बघितलं की दोधूआप्पाला जागेवर बसवेना.

"थांबा," तो म्हणाला.

खांद्यावरचा रुमाल त्यानं काढला आणि दामिनीला म्हटलं, "इकडे ये. बठ."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्या रुमालाखाली आजवर बाईमाणसाचा हात कधी गेला नव्हता. दामिनी सहा वर्षांची असताना बाजारात त्याच्या मांडीवर बसायची. एकदा खेळता खेळता तिनं रुमालाखाली हात घातला तर सगळे हसले होते आणि दोधूआप्पानंच तिचा हात बाहेर काढून बाजूला ठेवला होता. पण रात्री घरी त्यानं तिला बोटांची सगळी बोली शिकवली होती. ती बोली ती विसरली नव्हती. ती समोर बसली आणि हात पुढं केला.

त्यानं रुमाल पसरला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "एक बोट दिल्ली. दोन बोटं हरियाणा. तू सांगशी ते मी बोलसू. नाव मन्हं ऱ्हाई."

नवनीत हसला. "काका, हे काय, घोडा विकता का?"

"चूप बठ," दोधूआप्पा म्हणाला, आणि सवयीनं समोरच्या शेताकडे बघायला लागला.

रुमालाखाली दामिनीची बोटं आली. एक. मग क्षणभर थांबून दुसरं. दोन बोटं त्याच्या तळहातावर नीट दाबली गेली.

दोधूआप्पानं आता हात काढायचा, रुमाल झटकायचा आणि ओरडायचं. तीस वर्षांचा सराव. पण त्याचा हात त्याचं ऐकेना. त्याची बोटं आपसूक तिच्या बोटांभोवती वळली, तिची दोन्ही बोटं त्यानं मिटवली आणि तिची मूठ करून आपल्या मुठीत घट्ट धरली. सौदा मोडला. जनावर घरी.

तेव्हा कुठं त्याचं त्यालाच कळलं की दिल्ली आणि हरियाणा यांचा त्याला काही फरकच पडत नव्हता. महिनाभर ओट्यावरून गोठ्यात तो जे फिरत होता ते एवढ्यासाठीच की जोवर काही ठरत नाही तोवर पोर घरात होती. त्याला ती जायलाच नको होती. ओट्यावरच्या एकालाही काही दिसलं नाही. सगळे शेताकडे बघणाऱ्या दलालाचं तोंड बघत होते.

दामिनीला कळलं. मूठ म्हणजे काय हे तिला त्यानंच शिकवलं होतं. तिनं मान वर करून बापाकडं बघितलं, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे भरले. तिनं हात ओढून घेतला नाही. तशीच थोडा वेळ बसून राहिली, त्याच्या मुठीत मूठ देऊन. मग आतल्या आत हळूहळू बोटं सोडवली, आणि पुन्हा दोन त्याच्या तळहातावर ठेवली. या वेळी तिनं ती दाबली नाहीत, नुसती ठेवली.

"सौदा पक्का!" दोधूआप्पा ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला. "दामिनी हरियाणाले जाई. मी ठरायं. कोणले शिव्या देवाना तर माले द्या."

ओट्यावर एकच गलका उठला. "अहो काका, फ्लेक्स? लोक काय म्हणतील?" नवनीत उभाच राहिला.

"उतार तो फ्लेक्स. मी कबूल व्हयनू, मीच मोडसू. तू बटण दाब वं पोरी."

दामिनीनं मोकळ्या हातानं मोबाईल उचलला आणि अंगठ्यानं बटण दाबलं. वत्सलाबाई पेढ्याचा डबा धरून नुसत्या बघत राहिल्या. सगळे वाट बघत होते, आता दोधूआप्पा रुमाल झटकून खांद्यावर टाकेल. तो टाकेचना. शेवटी कौसाबाई पुढं आली, म्हणाली, "द्या इकडे, धुवाले टाकस," आणि रुमाल उचलला.

रुमालाखालचं कधी कुणी बघितलं नव्हतं, ते त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. दोधूआप्पानं पोरीची दोन बोटं अजून धरून ठेवली होती.