सिस्टरांची नजर

बोलताना सिस्टर आपल्या डोळ्यांकडे बघत नसत. त्यांची नजर आपल्या कातडीवरून फिरत असायची. सरकारी दवाखान्यातली नोकरी संपवून त्या बदलापूरला, शिरगावात आमच्या शेजारी राहायला आल्या, आणि महिन्याभरात बिल्डिंगमधल्या बायका त्यांना चुकवू लागल्या. जिन्यात गाठून त्या सरळ विचारायच्या, "हा तीळ आधी एवढाच होता का गं? कडा वेड्यावाकड्या झाल्यात, रंगही दोन दिसतायत. डॉक्टरला दाखव."

माझ्या बाबांना त्यांनी असंच धरलं. बाबांच्या नाकाच्या बाजूला मोत्यासारखी चकचकीत गाठ होती. दाढी करताना रक्त यायचं, खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. बाबा तिला पुटकुळी म्हणायचे.

"पुटकुळी दोन वर्षं मुक्काम करत नाही, काका," सिस्टर म्हणाल्या आणि स्वतः रिक्षात बसवून त्यांना घेऊन गेल्या. तपासणीत कॅन्सर निघाला. हळू वाढणारा; सहसा अंगात पसरत नाही, पण तसाच ठेवला तर नाक खात जातो. गाठ काढली. बाबा आज ठणठणीत आहेत.

हिरूबाईचं तसं झालं नाही. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून ती आमच्या गेटवर रानभाजी विकायला यायची. लहानपणी चुलीत भाजल्याचा मोठा व्रण तिच्या नडगीवर होता. त्या व्रणावरच एक जखम सिस्टरांना दिसली. कडा उचललेल्या, कडक, आणि वास येणारी.

"कधीपासून आहे?"

"भात कापला तवापासून. हलद लावते ना मी."

आता भाताची रोपं लावायचे, आवणीचे दिवस जवळ आले होते. सिस्टर तिथेच खाली बसल्या. "जुन्या भाजल्यावरची जखम महिनाभरात भरली नाही, तर हळदीचं काम नसतं ते, हिरू."

दवाखान्यात जखमेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर हाडापर्यंत गेला होता. पाय काढावा लागणार होता. हिरूबाईचा मुलगा किसन ठाम नाही म्हणाला. "पाय कापल्यावर आयस डोंगरात चालंल कशी?" सिस्टर पाड्यावर दोनदा जाऊन भांडल्या. दुसऱ्यांदा किसनने त्यांना दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्यानेच बोलावलं, पण तोवर जांघेत गाठी आल्या होत्या आणि डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

मग सिस्टरांनी भांडण सोडलं. एक दिवसाआड एसटीने जाऊन त्या जखम धुवायच्या, पट्टी बांधायच्या. भात निसवून लोंब्या दिसायच्या आत हिरूबाई गेली.

तेराव्याला मी सिस्टरांबरोबर गेले. किसन अंगणात बसला होता. वर न बघता म्हणाला, "तुमी सांगत होत्या. मीच नको बोललो. मीच मारली तिला."

सिस्टर म्हणाल्या, "माझ्या यजमानांच्या तळपायावर काळा डाग होता. कंपनीचा बूट घासत असेल, असं मीच त्यांना सांगितलं. वर्षभर तो डाग पसरत होता, आणि त्यातच ते गेले. तळव्यावरचा पसरणारा काळा डाग म्हणजे काय, हे नर्स असून मला कळू नये?"

हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

किसनने मान वर केली. "मंग?"

"मग काही नाही. मी जगतेय," सिस्टर म्हणाल्या, आणि त्याच्या शेजारी मातीतच बसल्या.