इनामदार मॅडम आणि आमची भूलतज्ज्ञांची संघटना

पुण्यातल्या आमच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेत दरवर्षी फेलोशिप, संशोधनाची अनुदानं, मानसन्मान असं सगळं रीतसर होतं. मी सेक्रेटरी, त्यामुळे मानपत्रं मीच लिहितो. ती कुणाच्याही लक्षात राहत नाहीत. लक्षात राहतं ते कार्यक्रमानंतर हातात ताट घेऊन कुणीतरी सांगितलेलं. ते साठत जातं, आणि त्यातलं निम्मं तरी इनामदार मॅडमबद्दल असतं.

डॉ. रझिया इनामदार येरवड्यात वाढल्या. लहान मुलांना भूल देण्यात त्यांची हयात गेली. आमच्यातल्या बऱ्याच जणांना त्यांनी शिकवलंय, बाकीचे त्यांना नुसते घाबरतात. शिकलेले जरा जास्त घाबरतात.

*

मुलांची भूल शिकायला आमची संघटना एक फेलोशिप देते. वर्षभर मोठ्या हॉस्पिटलात काम करायला मिळतं, आणि जागा एकच. त्या वर्षी मुलाखतीला सगळे पुस्तकं पाठ करून आले होते. मॅडमनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही शेवटची भूल दिलीत त्या मुलाबद्दल सांगा."

कुणी वजन सांगितलं, कुणी औषधाचा डोस, कुणी नळीचा नंबर. मॅडम प्रत्येकाला "बरं" म्हणत होत्या. पुण्यात "बरं" म्हणजे काय, हे आम्हा पुणेकरांना कळतं.

मग स्नेहल आली. वाघोलीच्या शेतकरी घरातली मुलगी. घाबरली की गावचं बोलणं बाहेर यायचं.

"आयुष नाव त्याचं. हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्याच्याकडं शेळी हाय, ती गाभण हाय. पिल्लाचं नाव काय ठेवणार ते मला सांगत होता, आणि सांगता सांगताच झोपला."

"मग नाव राहिलंच?"

"नाही मॅडम. शुद्धीवर आल्यावर विचारलं. सुलतान."

मॅडमनी पुढ्यातले बाकीचे अर्ज मिटून बाजूला ठेवले.

*

मॅडमचा एक कडक नियम होता. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून मुलाच्या पोटात पाण्याचा थेंब जाता कामा नये. भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, म्हणून. इतर ठिकाणी हा नियम केव्हाच सैल झाला होता. आमच्याकडे तो मॅडमचा होता, त्यामुळे कुणाची हिंमत नव्हती.

फेलोशिप संपवून आलेल्या स्नेहलनं संशोधन अनुदानासाठी अर्ज केला. विषय काय, तर ऑपरेशनच्या थोडं आधीपर्यंत साखरपाणी दिलं तर आपल्याकडची मुलं कमी रडतात का, आणि ते तितकंच सुरक्षित राहतं का. अनुदान समितीच्या अध्यक्ष कोण? इनामदार मॅडम.

समितीतले आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो. एक ज्येष्ठ डॉक्टर हळूच म्हणाले, "मॅडम, हे पुढच्या वर्षी बघू या का?"

"का? पुढच्या वर्षी मी बरोबर ठरणार आहे का?"

अनुदान मिळालं. शिवाय मॅडमनी स्वतःच्या वॉर्डातली मुलंही त्या अभ्यासात घेऊ दिली.

निकाल आला तेव्हा स्नेहलनं तो आमच्या परिषदेत मांडला. मुलं शांत होती आणि कुणालाही अपाय झाला नव्हता. प्रश्नोत्तरं सुरू होण्याआधीच मॅडम उठून माइकपाशी गेल्या. म्हणाल्या, "ज्यांना मी मुलांना उपाशी ठेवायला शिकवलं, त्यांनी ते उद्यापासून विसरावं. इतकी वर्षं मुलं उगीच तहानलेली राहिली. चूक माझी होती."

आणि जागेवर जाऊन बसल्या. सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. वाजवायची असते का, तेच कुणाला कळेना. मी पुष्कळ परिषदा ऐकल्यात, पण असं वाक्य माइकवरून परत ऐकलं नाही.

*

एकदा सन्मान सोहळ्याला एक नामवंत सर्जन पाहुणे होते. त्यांनी लांबलचक भाषण केलं आणि शेवटी कौतुकानं म्हणाले, "भूलतज्ज्ञ म्हणजे माणसाला गाढ झोपवणारे जादूगार."

आभार मानायला मॅडम उभ्या राहिल्या. "झोपवणं कुणालाही जमतं, ते आत्ता आपण अनुभवलंच. आमचं काम उठवण्याचं आहे."

सर्वांत मोठ्यानं हसले ते पाहुणे.

*

मग मॅडमच आजारी पडल्या. पोटात गाठ निघाली, आणि वयामुळे ऑपरेशन जोखमीचं होतं. त्याच वर्षी संघटनेनं त्यांना जीवनगौरव जाहीर केला होता आणि समारंभ ऑपरेशननंतरच्या महिन्यात होता. आम्ही पदाधिकाऱ्यांनी आपापसांत ठरवलं आणि शाल, मानपत्र घेऊन आधीच हॉस्पिटलात गेलो. तोंडानं म्हणालो, "मॅडम, सगळ्यांच्या सोयीचं पडेल म्हणून आत्ताच देतोय."

मॅडमनी शालीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "पुढच्या महिन्यात मी नसेन, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी शाल हळूच पाठीमागे घेतली.

"भूल स्नेहल देणार आहे. शाल परत न्या."

त्या महिन्यात त्यांनी ती शाल व्यासपीठावर उभं राहून घेतली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑपरेशनच्या दिवशी काय झालं ते मात्र आम्हा मोजक्या लोकांनाच माहीत आहे. मी स्नेहलच्या मदतीला थिएटरात होतो.

मॅडमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. स्नेहलनं भुलेच्या औषधाची सिरिंज शिरेतल्या नळीला लावली आणि थांबली. तिचा अंगठा पुढे जाईना. ती एकदा मॅडमकडे बघे, एकदा मॉनिटरकडे. सर्जननं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होणार, तेवढ्यात मॅडमनी हातानं मास्क जरासा वर उचलला.

"स्नेहल, तू माझ्याकडे बघ. मॉनिटरकडे मी बघते."

मास्क परत ठेवून त्यांनी मान मॉनिटरकडे वळवली. स्नेहलनं औषध दिलं. डोळे मिटेपर्यंत मॅडम स्वतःच्या ठोक्यांवर नजर ठेवून होत्या.