नवनाथच्या अंगठ्याची जागा

चाकणच्या एका कारखान्यात नवनाथ बोऱ्हाडे सव्वीस वर्षं ग्राइंडिंगवर आहे. मोजमापाची नवी यंत्रं आली, तरी घासून झालेल्या शाफ्टवर उजव्या अंगठ्याचं नख फिरवल्याशिवाय तो शाफ्ट पुढे पाठवत नाही. नख अडलं, तर शाफ्ट परत.

गेल्या महिन्यात ते नख मुकं झालं. फिरवलं तरी काही कळेना. सीटी स्कॅनमध्ये डोक्यात डाव्या बाजूला लहानशी गाठ दिसली. ती काढायची होती; पण उजवा हात चालवणारी मेंदूतली जागा तिच्या शेजारीच कुठेतरी होती. “नेमकी कुठे, ते आधी बघू,” डॉक्टर म्हणाल्या. “गाठीला चिकटलेली असली, तर हाताची खात्री देता येणार नाही.”

म्हणून चिंचवडच्या एका रुग्णालयात एमआरआय ठरला. सोबत कारखान्यातला जोडीदार बुद्धरत्न. यंत्र चालवणारी भाग्यश्री फॉर्म भरत होती.

“डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय?”

“न्हाई.”

बुद्धरत्न हसला. “काय राव! चार वेळा तर मीच काढलाय. लोहचुंबकानं.”

“ते काय गेलं म्हणायचं व्हय? लगेच काढलं की!”

कारखान्यात रीतच ती. डबा खायच्या बाकावर मान मागे टाकायची, बुद्धरत्नने पापणी उलटायची, की परत मशीनवर. नोंद नाही, दवाखाना नाही. अपघात म्हणजे बोट गेलं तर.

भाग्यश्रीने पेन खाली ठेवलं. “काका, या यंत्राच्या चुंबकापुढे तुमच्या मित्राचं चुंबक खेळणं आहे. कण राहिला असेल तर आत सरकेल. डोळा जाईल. आधी एक्स-रे काढू.”

अर्धा तास दोघं बाकावर बसले. एक जरी कण सापडला, तर या यंत्रात जाता येणार नाही. मग डॉक्टरांना ती जागा कशी दिसणार? नवनाथ अंगठा मुठीत धरून होता. बुद्धरत्नची नजर एक्स-रेच्या खोलीवर. इतकी वर्षं आपण कण पुरते काढले का, ते आता समोरच्या दारातून कळणार होतं.

दार उघडलं. “दोन्ही डोळे स्वच्छ,” भाग्यश्री म्हणाली आणि बुद्धरत्नकडे वळली. “हात चांगलाय हो तुमचा. पण आता पुरे.”

आत नवनाथला निजवलं. सांगतील तेव्हा अंगठा एकेका बोटाला टेकवायचा, सांगतील तेव्हा थांबायचं. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त जास्त धावतं, आणि यंत्र तेच टिपतं. यंत्र ठोके घालत होतं. पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या शेजारी उमेदवारी केलेल्या माणसाला त्यात नवल वाटलं नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. करड्या चित्रात काळपट गाठ, आणि तिच्यापासून दूर एक केशरी डाग.

“हा तुमचा हात. मध्ये बारा मिलिमीटर अंतर आहे. हाताला धोका फार कमी. बधिरपणाही बहुधा हळूहळू उतरेल.”

नवनाथ बघतच राहिला. “बारा मिलिमीटर?”

“का? कमी वाटतं?”

“बारा हजार मायक्रॉन झाले, मॅडम! आमी दोन मायक्रॉनवरनं भांडतो. एवढ्यात तर ट्रक वळंल.”

डॉक्टर खळखळून हसल्या. बुद्धरत्नने तोंड फिरवलं आणि खिशातून रुमाल काढला.

“काय रं?”

“कण गेला.”

“बघू,” नवनाथ म्हणाला. “मान मागं टाक.”