वळसा घेऊन गेलेली गाडी

सावकाशरावांची आणि माझी ओळख त्यांनी मला अडवले त्या दिवशी झाली. आमच्या गल्लीत नवे डांबर टाकण्याचे काम चालू होते. आमचा प्रौढ साक्षरता वर्ग समोरच्याच वाचनालयात भरतो. वर्गाची वेळ होत आली होती, म्हणून मी लाल-पांढरी पट्टी हाताने उचलली आणि खालून वाकून पलीकडे निघाले. तेवढ्यात रोलरवर बसलेल्या माणसाने वरून सांगितले, "मावशी, खालचं अजून भाजतंय. वळसा घ्या." त्या आवाजात राग नव्हता, पण सूटही नव्हती. मी वळसा घेतला आणि वर्गाला उशिरा पोहोचले. पुढे त्याच वाचनालयाच्या बालविभागात त्यांची मुलगी येऊ लागली, तिला न्यायला तेही येऊ लागले, आणि ओळख वाढत गेली. येथे जे लिहिले आहे त्यातील काही मी पाहिलेले आहे. बाकीचे त्या बापलेकींनी आणि मुलीच्या आईने सांगितलेले आहे.

रस्त्याच्या टोळीत त्यांना सावकाशराव हे नाव पडले, त्याचे कारण उघड आहे. माणसाला चालवता येणाऱ्या वाहनांत रोलरइतके हळू वाहन दुसरे क्वचितच असेल. शेजारून चालणारा माणूस गप्पा मारत मारत त्याच्या पुढे निघून जातो. परंतु ते हळू चालवणे म्हणजे आळस नव्हे. गरम डांबरावर रोलर उभा राहिला तर तेथे खळगा पडतो, आणि झटक्याने वळवला तर डांबराला सुरकुत्या पडतात. म्हणून न थांबता आणि न घाबरता पुढे जायचे, आणि तितक्याच अलगद हाताने मागे यायचे. हे काम सावकाशरावांनी केलेले असले की त्या रस्त्यावर भरलेला पेला घेऊन सायकलवरून जावे, असे टोळीचा मुकादम म्हणत असे.

त्यांची मुलगी नेमकी याच्या उलट. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती दिवसभर फिरत असे, म्हणून आई तिला भिंगरीच म्हणे, आणि मग शाळेतही तेच नाव चालू झाले. मामाने आपला जुना व्हिडिओ गेम भाचीला देऊन टाकला, तेव्हा त्या भिंगरीला चाके मिळाली. तो शहराच्या रस्त्यांवरून गाड्या पळवण्याच्या शर्यतीचा खेळ होता. टीव्ही बाहेरच्या खोलीत कपाटावर होता. समोर पलंग, आणि पलंगाच्या पायथ्याशी आईचे इस्त्रीचे टेबल. आई एका कपड्यांच्या दुकानासाठी घरी इस्त्री करते. त्यामुळे त्या घरातील प्रत्येक शर्यत वाफेच्या फुसफुसाटात आणि आईच्या शेऱ्यांसह पार पडत असे.

वाचनालयाच्या बालविभागाचा वाढदिवस जवळ आला, तेव्हा तेथील ताईंनी जाहीर केले की त्या दिवशी याच खेळाची शर्यत होईल, मात्र ती पालक आणि मूल अशा जोडीने खेळायची. पहिली फेरी पालकाने चालवायची, नंतर कंट्रोलर मुलाच्या हाती द्यायचा, आणि दुसरी फेरी मुलाने पुरी करायची. जिंकणाऱ्या जोडीचा फोटो बालविभागाच्या भिंतीवर वर्षभर राहणार होता. मागील वर्षीचा फोटो भिंगरीच्या वर्गातल्या एका मुलीचा आणि तिच्या वडिलांचा होता. ती मुलगी भिंगरीला म्हणाली होती की, तुझे बाबा रोलरवाले, तुमची गाडी पोहोचेपर्यंत आम्ही जेवून झोपलेलो असू. भिंगरीने हे घरी हसत सांगितले. पण सांगून झाल्यावर ती हसली नाही, हे सावकाशरावांच्या लक्षात आले. तो फोटो आपल्यामुळे हुकता कामा नये, अशी खूणगाठ त्यांनी त्याच दिवशी मनाशी बांधली.

सराव सुरू झाला. कामावरून आल्यावर हातपाय धुऊन सावकाशराव पलंगाच्या कडेवर ताठ बसत आणि कंट्रोलर दोन्ही हातांत, पाखराचे पिल्लू धरावे तसा धरत. गाडी मागे घ्यायची झाली की ते मान वळवून खरोखरच मागे पाहत. मागे स्वयंपाकघराचे दार असे.

"बाबा, दाब ना बटण."

"दाबलंय."

"हे दाबणं झालं? गोंजारतोयस त्याला."

इस्त्री फिरवता फिरवता आई म्हणाली की, माझ्याशी लग्न करायला निघाले तेव्हाही हे याच वेगाने आले होते, माणसं जेवून उठली होती. सावकाशरावांचे लक्ष पडद्यावरच्या रस्त्याकडे होते. वळणावर बाहेरची बाजू कशी बेताने उचलली आहे, पाणी साचायला कोठेही जागा ठेवलेली नाही, हे पाहून ज्याने हा रस्ता केला त्याला हात जोडले पाहिजेत, असे त्यांनी मुलीला सांगितले. तो रस्ता कोणी केलेला नाही, तो चित्रातला आहे, असे मुलीने सांगितले. तरी चित्र काढणाऱ्याने खरा रस्ता नीट पाहिला असणार, यावर ते ठाम राहिले.

हळूहळू अंगठा सैल झाला. न थांबता, न झटका देता चालवण्याची सवय वळणांवर कामी आली. इतरांच्या गाड्या खांबांना धडकत, त्यांची धडकत नसे. भिंगरीला आशा वाटू लागली. मग तो अडथळा आला.

प्रत्येक फेरीच्या मध्यावर एका बाजूला रस्त्याचे काम चालू असल्याचे दाखवले होते. लाल-पांढरी पट्टी, नारिंगी कोन, एक डंपर, आणि पिवळी जाकिटे घातलेली तीन-चार माणसे. पट्टी तोडून सरळ आतून गेले की मोठे अंतर वाचत असे. गाडी आत शिरली की ती माणसे दोन्ही बाजूंना उड्या मारत आणि पुन्हा जाग्यावर येऊन उभी राहत. खेळणारे सगळे तेथूनच जात. जिंकण्याचा तोच रस्ता होता.

सावकाशराव तेथे पोहोचले की डावीकडे वळत आणि लांबच्या रस्त्याने जात. प्रत्येक वेळी. भिंगरीने समजावले, विनवले, शेवटी पाय आपटले.

"बाबा, ती माणसं खोटी आहेत."

"असतील."

"मग?"

"कामावर आहेत ना."

आईने इस्त्री टेबलावर उभी ठेवली आणि म्हणाली, "खोटी का असेनात, बिचारी रात्रपाळीला उभी आहेत. त्यांच्यातही कुणी दाताळंवाला असेल." दाताळे म्हणजे गरम डांबर सारखे करण्याचे लांब दांड्याचे हत्यार. सावकाशराव रोलरवर बसण्याआधी बरीच वर्षे दाताळे ओढत होते.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने सराव केला नाही. गृहपाठ काढून बसली आणि वहीकडे पाहूनच म्हणाली की, राहू दे, मी ताईंना सांगून आपलं नाव काढून घेते. तिने तोंड वाकडे केले असते तर सावकाशरावांनी सहन केले असते. ती शहाण्यासारखी बोलली, ते त्यांना सहन झाले नाही. ते म्हणाले, "नाव काढू नकोस. त्या दिवशी मी आतून जाईन. शब्द देतो." आणि शब्द खरा करून दाखवावा म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी एकदा पट्टी तोडली. माणसांनी उड्या मारल्या. भिंगरीने टाळ्या वाजवल्या. सावकाशरावांनी कंट्रोलर उशीवर ठेवला, मोरीत जाऊन हात धुतले, आणि मग परत येऊन उरलेली फेरी पुरी केली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी शाळेला सुटी होती. सावकाशराव डबा विसरून गेले, म्हणून आईने भिंगरीला डबा घेऊन कामावर पाठवले. टोळी मोठ्या चौकाजवळ होती. ती पदपथावर येऊन उभी राहिली तेव्हा सावकाशराव रोलरवर होते आणि खाली ताजे डांबर होते. त्यांनी हाताने तिला थांबण्याची खूण केली. नेमक्या त्याच वेळी एका गाडीवाल्याने दोन कोन बाजूला ढकलले आणि गाडी आत घातली. पट्टी तुटली. दाताळे घेऊन वाकलेला माणूस हत्यार टाकून बाजूला उडाला आणि गुडघ्यावर पडला. गाडी पुढच्या टोकाने निघून गेली. डांबरावर तिच्या चाकांचे दोन पट्टे उमटले. सावकाशरावांना रोलर थांबवता येत नव्हता. ते तसेच पुढे गेले, अलगद मागे आले, आणि येताना ते पट्टे दाबून टाकले. दाताळेवाला उठला, पँट झटकली, गाडीवाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली आणि पुन्हा कामाला लागला.

जेवणाच्या सुटीत ते खाली उतरले आणि मुलीजवळ आले. तिने डबा दिला. ती दाताळेवाल्याकडे पाहत होती.

"ते काका रोज अशी उडी मारतात?"

"रोज नाही," सावकाशराव म्हणाले.

"तू मारायचास?"

"तेव्हा माझं वय होतं उड्या मारायचं."

ती हसेल असे त्यांना वाटले होते. ती हसली नाही, घरी निघून गेली. पोर घाबरली असेल, उगीच तिला येथे थांबू दिले, असे त्यांना दिवसभर वाटत राहिले. घरी आल्यावर तिने त्या विषयाचे नावही काढले नाही. त्यांनीही काढले नाही. उद्या शब्द पाळायचा, एवढेच त्यांनी झोपताना स्वतःला बजावले.

शर्यतीच्या दिवशी वाचनालयाचे दालन भरून गेले होते. आमचा वर्गही त्या दिवशी पुस्तके मिटून मागे उभा होता. मोठ्या पडद्याचे चार भाग केले होते, आणि प्रत्येक भागात एक गाडी. सावकाशराव धुतलेला, आईच्या हातची कडक इस्त्री असलेला शर्ट घालून आले होते. भिंगरी त्यांच्या उजव्या खांद्याला लागून उभी राहिली, कारण कंट्रोलर हाती घ्यायचा तो तेथूनच.

सुरुवात झाली आणि सावकाशराव चांगले निघाले. पहिल्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या, आणि ते त्यांच्यामधून, सुईतून दोरा जावा तसे निघून गेले. मागील वर्षीच्या विजेत्यांची गाडी पुढे, त्यांच्यामागे हे. दालनात कोणीतरी म्हणाले की, रोलर आज उडतोय. आईने ते ऐकले आणि पदर सारखा केला.

मग दूरवर लाल-पांढरी पट्टी दिसू लागली. पुढची गाडी ती तोडून आत गेली. माणसांनी उड्या मारल्या, आणि पट्टी पुन्हा जशीच्या तशी लागली, कारण खेळात तसे होते. सावकाशरावांनी डावीकडे वळण्याची खूण अंगठ्याला दिली नाही. त्यांनी गाडी सरळ धरली आणि दिलेल्या शब्दासाठी ते त्या पिवळ्या जाकिटांच्या दिशेने निघाले. पट्टी अगदी जवळ आली, आणि खांद्याजवळून हळू आवाज आला.

"बाबा, वळसा घे."

त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही, पाहायला वेळच नव्हता. अंगठा आपोआप डावीकडे गेला. गाडी कोनाला न लागता बाहेरून वळली आणि लांबच्या रस्त्याला लागली. मागच्या दोन्ही गाड्या आतून गेल्या आणि पुढे निघाल्या. दालनात हशा पिकला. सावकाशरावांची फेरी संपली तेव्हा ते चौथे होते आणि चारच गाड्या होत्या.

कंट्रोलर भिंगरीच्या हाती गेला. तिने जे चालवले ते पाहण्यासारखे होते. एकेका वळणावर ती अंतर कापत गेली, आणि रस्त्याच्या कामापाशी आली तेव्हा तिसरी गाडी तिच्या अगदी पुढ्यात होती. ती गाडी पट्टी तोडून आत शिरली. भिंगरी तिच्यामागून आत गेली असती तर निदान तिसरी आली असती, हे दालनातील लहान पोरालाही कळत होते. ती डावीकडे वळली. लांबचा रस्ता तिने अशा वेगाने पार केला की पुढच्या गाडीचे मागचे दिवे तिला पुन्हा दिसू लागले. परंतु दिवे दिसेपर्यंत शर्यत संपली.

मागील वर्षीचीच जोडी पुन्हा जिंकली. ती वर्गातली मुलगी आली आणि तिने भिंगरीला विचारले की, तुला आतला रस्ता माहीत नव्हता का. विचारणे साधे होते, कुचकट नव्हते. भिंगरी म्हणाली, "माहीत होता. आत माणसं काम करत होती." जवळ उभ्या असलेल्या दोघातिघांना यात हसण्यासारखे वाटले आणि ते हसले. भिंगरीला त्यात शरमण्यासारखे काही वाटले नाही. तिने बापाचा हात धरला आणि पाणी प्यायला गेली.

सावकाशरावांची छाती त्या क्षणी किती फुगली, हे त्यांच्या शर्टाच्या बटणांनाच ठाऊक. आईने मात्र घरी जाताना एवढेच म्हटले की, भिंतीवर फोटो लागला असता तर त्यावरची धूळ कोणी पुसायची होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोळीत सगळ्यांना सांगितले की, माझी मुलगी शर्यतीत चौथी आली. सगळ्यांनी अभिनंदन केले. दाताळेवाल्याने विचारले की, गाड्या किती होत्या. सावकाशरावांनी रोलर चालू केला. मग जेवणाच्या सुटीत त्यांनी त्याला सगळे नीट सांगितले. गुडघ्याला पट्टी बांधलेला तो माणूस हातातला घास तसाच धरून म्हणाला की, पोरीला एकदा इकडे आण, रोलरवर बसवू.

तिला बसवलेही. काम संपल्यावर, गार झालेल्या रस्त्यावर, बापाच्या शेजारी. ती म्हणाली की, हे चालवणं गेमपेक्षा अवघड आहे. हे वाक्य सावकाशरावांनी मला वाचनालयाच्या पायरीवर उभे राहून दोनदा सांगितले.

वर्गात आम्हांला ओळखीच्या माणसाविषयी लिहून आणण्यास सांगितले, तेव्हा मी त्यांना विचारले की, तुमच्याविषयी लिहिले तर चालेल का. ते म्हणाले, "लिहा, मावशी. पण माझ्याबद्दल कमी लिहा. तिचा नंबर कितवा आला ते लपवू नका, आणि ती कुठून गेली तेही लिहा."